चांगल्या रविवारची भीती

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 41 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर ते शाळा 11 किलोमीटर, स्कूटीने जाते. दीड वर्षापासून अंग दुखतंय. आधी मान, मग दोन्ही खांदे, मग कंबर, आता मांड्यासुद्धा. सकाळी उठते ती रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखी. रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले, मानेचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. दीड महिन्यापूर्वी संधिवाताच्या डॉक्टरांनी ‘फायब्रोमायल्जिया’ असं सांगितलं. म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे लवकर जाणारं नाही. रात्रीची एक गोळी दिली (चिठ्ठीचा फोटो सोबत पाठवतेय) आणि चालायला सांगितलं. घरी आल्यावर मिस्टरांनी गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं, तर ‘नैराश्यावरचं औषध’ असं आलं. तेव्हापासून घरात सगळ्यांचं ठरलंय की हे डोक्यातलं आहे. सासूबाई म्हणतात, “रिपोर्टात काही नाही म्हणजे काही नाही.” मी नवव्या दिवशी गोळी बंद केली. चालायचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी चार किलोमीटर चालले आणि पुढचे दोन दिवस रजा टाकली. हजेरी घेताना मुलांची नावं आठवत नाहीत. धाकटी दुसरीत आहे. ती मागून येऊन गळ्यात पडते तेव्हा मी अंग चोरते आणि तिचं तोंड एवढंसं होतं. रात्री कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. मी हे ओढवून घेतलंय का? याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा (नाव छापू नये)

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातलं ‘सकाळी उठूच नये’ हे वाक्य आधी घेते. याचे दोन अर्थ होतात. एक, ‘दमले, कुणी हाक मारू नये, पडून राहू द्यावं.’ हे आम्हा सगळ्यांनाच वाटतं, मला आजही महिन्यातून एखादी रात्र वाटतं. दुसरा अर्थ, ‘मी नसलेलीच बरी.’ तुमचा दुसरा असेल, किंवा पहिल्याचा हळूहळू दुसरा होत चाललाय असं वाटत असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि 14416 लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला हे वाक्य जसंच्या तसं सांगा. सगळ्यांना नको, एकाला.

आता बाकीचं.

मी फिजिओथेरपिस्ट. 2009 साली मला हे निदान झालं तेव्हा मिरजेत एकवीस वर्षं प्रॅक्टिस झाली होती. त्या काळी 1990 साली ठरलेली पद्धत चालायची. अंगावरच्या 18 ठरावीक जागा अंगठ्याने दाबून पाहायच्या, 11 किंवा जास्त ठिकाणी दुखलं तर फायब्रोमायल्जिया. दाब किती, तर दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच. मी डॉक्टरांच्या नखाकडे बघत बसले होते. नख पांढरं व्हायचं आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघायचं. कोपराजवळ, मानेच्या मागे, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. 14 भरले. एवढ्याशा दाबाने निरोगी माणसाला ‘कुणीतरी बोट टेकवलंय’ इतकंच कळतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पुढे 2010 मध्ये नवे निकष आले, त्यात या 18 जागा गेल्या. आता अंगात किती ठिकाणी दुखतं, झोप कशी लागते, थकवा किती, डोकं किती चालतं, हे विचारतात आणि हे सगळं किमान तीन महिने आहे ना ते बघतात. तुम्हाला कुणी दाबून पाहिलं नसेल तर तपासणी अर्धवट झाली असं समजू नका. हजेरीतली नावं विसरणं हेही याच आजाराच्या यादीत आहे. तुमचं डोकं गेलेलं नाही.

रिपोर्ट नॉर्मल कसे, हे सासूबाईंना सांगायचं असेल तर असं सांगा. अंगणात राखणीचं कुत्रं असतं. चोर आला की भुंकायचं, हे त्याचं काम. काही कुत्री अशी होतात की पान हललं तरी रात्रभर भुंकतात. तुम्ही बॅटरी घेऊन अंगणभर फिरलात, चोर सापडला नाही. रक्ताची तपासणी, एक्स-रे, एमआरआय म्हणजे ही बॅटरी. चोर नाही हे खरं, पण म्हणून कुत्रं भुंकत नाहीये असं कुणी म्हणेल का? घरात झोप कुणाचीच होत नाही! आपल्या मज्जासंस्थेचं हे असं झालंय. साध्या स्पर्शाची, साध्या ताणाचीही ती वर्दी देते. वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने 2017 मध्ये अशा दुखण्याला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. तेव्हा ‘ओढवून घेतलंय का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. त्याच्यापुढे ‘पण’ नाही.

गोळीचं. फोटोवरून दिसतंय ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, 10 मिलिग्रॅम. ही गोळी नैराश्यावर देतात हे खरंच आहे, मिस्टर खोटं वाचत नाहीत. पण नैराश्यासाठी तिचा डोस साधारण 75 मिलिग्रॅम आणि पुढे असतो. तुम्हाला दिलेली 10 ची गोळी झोप खोल व्हावी आणि दुखण्याच्या वर्द्या जरा कमी व्हाव्यात म्हणून आहे. तोंडाला कोरड पडते, सकाळी सुस्ती येते, म्हणून ती झोपण्याच्या जरा आधीच घ्यायला सांगतात. गुण यायला काही आठवडे लागतात, नऊ दिवसांत निकाल लागत नाही. पण म्हणून आज रात्री आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. मी औषध लिहून देणारी डॉक्टर नाही. त्यांना फोन करा, ‘अमुक कारणाने बंद केली’ हे न लाजता सांगा. त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असतं. आणि एक सांगते, मेडिकलमधून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, कारण इथे सूज नसते. रोज घेतल्या तर पोट आणि किडनी मात्र बिघडते. कुणी ‘वातावरची पुडी’ आणून दिली, तर ती सरळ फेका. बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड घातलेलं असू शकतं. चार दिवस उड्या माराल, पुढे वर्षभर निस्तराल.

आता ते चार किलोमीटर. हे वाचून मी हसले, माफ करा, पण हसले ते स्वतःला.

निदान झालं त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी उठले तर अंग हलकं. किती महिन्यांनी! मला वाटलं, गेलं. मी माळा काढला. पडदे धुतले, आणि हातानेच पिळले. दुपारी चिवडा केला, मग चकलीची भाजणी मळली आणि सोऱ्या हातात घेतला. सोऱ्या दाबताना खांद्यापासून मनगटापर्यंत काय होतं हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. तरी दीड किलोच्या चकल्या पाडल्या. सोमवारी चहाचा कप उचलता येईना. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाला मला उठवायला कुणी आलं नाही, कारण मी रडेन याची सगळ्यांना भीती होती. पाच दिवस गेले.

चांगला दिवस हा पगार नव्हे, ती उचल असते. ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून घेतात ती. घेताना हात भरतो आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. या दुखण्यात लोक वाईट दिवसाला घाबरतात. मी चांगल्या रविवारला घाबरते. वाईट दिवशी शरीर स्वतःच तुम्हाला थांबवतं, चांगल्या दिवशी थांबवणारं कुणी नसतं.

म्हणून मोजमाप दुखण्यावर ठेवायचं नाही, घड्याळावर ठेवायचं. ‘दुखेपर्यंत चालते’ असं नाही. आठवडाभर एका वहीत लिहा, अगदी वाईट दिवशीसुद्धा किती मिनिटं चालवतं? सहा? मग सहाच. वाईट दिवशीही सहा आणि, हे जास्त अवघड, चांगल्या दिवशीही सहाच. अंग ‘अजून चल’ म्हणत असताना मागे फिरायचं. दुसऱ्या आठवड्यात सात. चार किलोमीटरला पोचायला तुम्हाला कदाचित दिवाळी ते पुढची दिवाळी लागेल, लागू दे. चालणं मात्र सोडायचं नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये या आजाराच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा जोरदार शिफारस एकाच गोष्टीची केली, व्यायामाची. गोळ्यांनाही तेवढं माप मिळालं नाही. सुरुवातीला थोडं दुखेल. ते दुखणं म्हणजे काही मोडतंय असं नाही. त्या भुंकणाऱ्या कुत्र्याला ओळख करून द्यायची असते, रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, तेवढंच.

हाच हिशेब कामाला. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जातो, खडू धरून पंधरा मिनिटं तसाच राहतो, तिथे तुमचा खांदा गेलेला असणार. तारीख, वार, सुविचार मुलांना लिहायला द्या, त्यांना भांडून हवं असतं ते काम. तुम्ही फळ्याच्या मधल्या पट्ट्यात, छातीच्या उंचीला लिहा. घरी कपडे पिळणं बंद, निथळत टाका. कणीक मळायला दुसरे हात शोधा किंवा मशीन घ्या. पोळ्या सलग वीस लाटायच्या नाहीत, दहा झाल्या की गॅस बंद करून पाच मिनिटं बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं, लसूण सोलत नव्हे. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू नका, रात्रीची जाते.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल : 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात फायब्रोमायल्जिया या नावाने नोंद नाही. त्यामागे आत्ताच ताकद घालवू नका. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दाखवा आणि एकच नेमकी गोष्ट मागा, वर्गात खुर्ची किंवा पहिला तास बैठ्या कामाचा. ‘मला बरं नसतं’ असं मोघम सांगितलं की समोरचा सहानुभूती देतो, खुर्ची देत नाही.

घरचे विश्वास ठेवत नाहीत, याचं मी काय सांगू? मीच ठेवला नव्हता. मला निदान होण्याच्या पाच-सहा वर्षं आधी माझ्याकडे एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, म्हैसाळकडच्या. पाठीला हात लावला की कळवळायच्या. रिपोर्ट नॉर्मल. दहा वेळा करायला दिलेला व्यायाम तीनदा करून थांबायच्या. मी त्यांच्या फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिलं होतं. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. डॉक्टरांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडताना मला त्याच आठवल्या. त्यांचा पत्ता जुन्या फाइलीत शोधला, मिळाला नाही. तेव्हा शिकलेली, त्याच कामातली बाई जिथे चुकली, तिथे तुमच्या सासूबाईंना मी काय दोष देऊ. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत त्याला ‘तुझं ते फायबर’ म्हणायच्या. पण पटलं नसतानाही पुढे पुढे सकाळचं दूध त्या तापवायला लागल्या. पटवण्याची लढाई मी सोडली तेव्हा ते झालं. रोज घरात पुरावे मांडत बसू नका, त्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात सहा मिनिटं चालून होतं. मिस्टरांना मात्र पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

रडू येईल. जी बाई 11 किलोमीटर स्कूटी मारून, वर्ग सांभाळून, घरी येऊन पुरण वाटायची, ती गेली, निदान तूर्त तरी. तिचं सुतक कुणी पाळत नाही, तुम्ही पाळा. मी एक रजिस्टर केलं होतं, त्यात नुसत्या शिव्या आहेत. ते कुणाला दाखवण्यासारखं नाही, पण उपयोगाचं फार.

यापुढे काहीही दुखलं की ते फायब्रोमायल्जियावर ढकलायचं, असंही नको. सांध्यावर दिसणारी सूज, ताप, आपोआप घटणारं वजन, हातापायातली शक्ती कमी होणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि धाकटी. तिला खरं सांगा, दुसरीतल्या मुलीला कळतं. “मागून धरलंस की आईला दुखतं, पण इथे दुखत नाही,” असं म्हणून जागा दाखवा. माझा नातू चार वर्षांचा आहे. आमची जागा कपाळ. तो पळत येतो, दोन पावलांवर ब्रेक मारतो आणि कपाळाला कपाळ टेकवतो. कधी कधी जोरात आदळतो, ते वेगळं.

प्रश्न : वय 67. चिकनगुन्या होऊन पाच महिने झाले. ताप कधीच गेला, पण सकाळी बोटांची मूठ वळत नाही, घोटे सुजतात. ‘जाईल हळूहळू’ म्हणून सगळे सांगतात. अजून किती थांबू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आता थांबू नका. चिकनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखणं नवीन नाही, काहींचं वर्षाच्या वरही चालतं. 2006 च्या साथीनंतर आमच्या दवाखान्यात अशा माणसांची रांग असायची. बऱ्याच जणांचं उतरतं. पण तीन महिन्यांनंतरही सूज आहे आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकतोय, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायलाच हवं. या तापामागून खरा संधिवात सुरू झालेला असू शकतो, आणि त्यावर वेळेत औषध मिळालं तर सांधे वाचतात. तोवर सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून पाण्यातच मूठ उघडझाप करा, दहा मिनिटं. जोर लावून बोटं वाकवू नका, आणि सुजलेल्या घोट्याला मालिशवाल्याच्या हाती तर मुळीच देऊ नका.

प्रश्न : माझ्या पत्नीला फायब्रोमायल्जिया आहे, वर्ष होत आलं. मी काय बोलू तेच कळत नाही. ‘आज कसं वाटतंय’ विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर रडते.
– एक नवरा, नाशिक

उत्तर : ‘आज कसं वाटतंय’ या प्रश्नाचं खरं उत्तर रोज तेच असतं आणि ते रोज द्यायचा तिला कंटाळा आलाय. तुम्ही ‘कुकर मी लावू की भाजी चिरू?’ असं विचारा. यात ‘काही करू का’ येत नाही बरं का, ते विचारलं की काय करायचं ते ठरवायचं कामही तिच्याच डोक्यावर येतं. नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नात कुकर हवा. आणखी एक. तिचा चांगला दिवस असेल तेव्हा ‘आज बरी दिसतेस, चल, साड्या घ्यायला जाऊ’ असं म्हणू नका. ‘बरी दिसतेस, चल, गच्चीत बसू’ म्हणा. चहा तुम्ही करा. आलं किसून घाला, ठेचून नको, ठेचायला लागलात की ती उठून येईल.